यीस्टचं वय, ताण आणि तग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोबायॉलॉजीचे विद्यार्थी, डिस्टिलरी आणि ब्रुअरीतले केमिस्ट, आणि घरी किंवा बेकरीत ब्रेड करणारी मंडळी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसी समजावं. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

यीस्ट म्हातारं होतं म्हणजे नेमकं काय होतं?

यीस्टचं वय दोन तऱ्हांनी मोजतात, आणि बहुतेक गोंधळ या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतो.

पहिलं प्रजननवय. मातृपेशीला अंकुर फुटतो, तो वाढतो आणि कन्यापेशी म्हणून वेगळा होतो. एक मातृपेशी अशा किती कन्या देऊ शकते याला मर्यादा आहे, हे मॉर्टिमर आणि जॉन्स्टन यांनी १९५९ मध्ये दाखवलं. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जातींत (स्ट्रेन्समध्ये) हा आकडा साधारण २० ते ३० असतो. प्रत्येक कन्या सुटताना मातेच्या भिंतीवर कायटिनचा गोल वण राहतो. कॅल्कोफ्लुअर व्हाइट लावून फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोपखाली पाहिलं की हे वण निळे चमकतात आणि सरळ मोजता येतात.

दुसरं कालवय. अन्न संपलं, विभाजन थांबलं, आता ही पेशी किती दिवस तग धरते? इथे अंकुरांचा संबंध नाही, फक्त दिवस मोजायचे. पुन्हा ताजं अन्न दिल्यावर जी वसाहत (एका पेशीपासून वाढलेला, प्लेटवर दिसणारा ठिपका) उभी करू शकते, ती पेशी जिवंत धरायची.

मग माझ्या टाकीतलं किंवा बरणीतलं यीस्ट ‘म्हातारं’ झालंय का?

पहिल्या अर्थाने जवळजवळ कधीच नाही. वाढत्या कल्चरमध्ये कोणत्याही क्षणी साधारण निम्म्या पेशी नवजात असतात, पाव हिश्श्यावर एक वण असतो, अष्टमांशावर दोन. हाच हिशेब पुढे नेला तर २० वण असलेली पेशी वीस लाखांत एखादी सापडते. वर्षानुवर्षं खाऊ घालून जपलेलं आंबवण म्हणूनच थकत नाही. त्यातल्या बहुतेक पेशी कालपरवाच जन्मलेल्या असतात.

यीस्ट ‘जुनं झालं’ अशी तक्रार येते तेव्हा ते बहुधा उपाशी असतं, आम्लात किंवा अल्कोहोलमध्ये फार वेळ बसलेलं असतं, नाहीतर गरम जागी ठेवलेलं असतं. यावर उपाय असतो, म्हणून निदान नीट करावं.

एक अपवाद आहे. वण पडत जातात तशा पेशी आकाराने मोठ्या होतात आणि लवकर खाली बसतात. शंकूच्या तळाच्या टाकीतून दर वेळी अगदी खालचा थर उचलला, तर म्हाताऱ्या आणि मेलेल्या पेशींचं प्रमाण वाढत जातं. खालचा गाळ सोडून द्यावा आणि मधला, फिकट रंगाचा थर घ्यावा.

मातृपेशीत बिघडतं तरी काय? आणि कन्या तरुण कशी जन्मते?

बिघाड एका जागी होत नाही. १९९७ मध्ये सिंक्लेअर आणि ग्वारेंटे यांनी दाखवलं की रायबोसोमच्या आरएनएची जनुकं ज्या पट्ट्यात ओळीने असतात, तिथून डीएनएची वर्तुळं सुटतात आणि मातेच्या केंद्रकात साठत जातात. सर२ हे प्रथिन त्या पट्ट्याला स्थिर ठेवतं. या जनुकाची एक जादा प्रत दिली की प्रजननवय वाढतं. शिवाय ऑक्सिडीकरणाने खराब झालेली आणि गुठळ्या झालेली प्रथिनं साठतात. गुठळ्या सोडवणारं एचएसपी१०४ तिथे झटत असतं, पण त्याची ताकद अपुरी पडते. रिक्तिकेची (पेशीतल्या साठवण आणि पचनाच्या पिशवीची) आम्लता तर आयुष्याच्या सुरुवातीलाच उतरू लागते आणि त्यामागोमाग मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. ही साखळी ह्यूज आणि गॉटश्लिंग यांनी २०१२ मध्ये मांडली.

विभाजन होताना हा सगळा कचरा मातेकडेच अडवला जातो, म्हणून कन्येचं घड्याळ शून्यापासून सुरू होतं. माता फारच म्हातारी असेल तर ही अडवणूक ढिली पडते आणि तिच्या शेवटच्या कन्या अल्पायुषी निघतात.

एकाच जातीच्या, एकाच माध्यमातल्या पेशीसुद्धा सगळ्या एका वाटेने म्हाताऱ्या होत नाहीत. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये दोन वाटा दाखवल्या. काहींचं केंद्रकी (केंद्रकातला रायबोसोम घडवणारा भाग) ढासळतं, काहींचे मायटोकॉन्ड्रिया. त्याच गटाने २०२३ मध्ये पेशीला या दोन अवस्थांमध्ये आळीपाळीने झुलवत ठेवणारं जनुकीय मंडल बसवलं आणि आयुष्य ८२ टक्क्यांनी वाढवून दाखवलं. वार्धक्य म्हणजे निव्वळ झीज, हा समज या प्रयोगानंतर टिकत नाही.

बीजाणू तयार होतानाही वय पुसलं जातं. म्हाताऱ्या द्विगुणित पेशीने दिलेले चारही बीजाणू तरुण असतात.

अन्न संपल्यावर कल्चर कशाने मरतं? नुसत्या उपासाने?

फक्त उपासाने मरायला बराच वेळ लागतो. २ टक्के ग्लुकोजच्या कृत्रिम माध्यमात प्रयोगशाळेतली जात साधारण एक ते तीन आठवडे टिकते. त्याच पेशी तिसऱ्या दिवशी धुऊन निर्जंतुक पाण्यात ठेवल्या तर त्याहून खूपच जास्त टिकतात. माध्यमात साचलेलं ॲसिटिक आम्ल हे मृत्यूचं मोठं कारण. पीएच ३ च्या आसपास हे आम्ल प्रभाररहित राहतं, पेशीपटलातून सहज आत शिरतं आणि आत गेल्यावर प्रोटॉन सोडतं. माध्यम पीएच ६ ला बफर केलं तर आयुष्य लक्षणीय वाढतं.

ग्लुकोज २ ऐवजी ०.५ टक्के दिलं की आयुष्य वाढतं, त्यामागेही काही अंशी हेच आहे. साखर कमी, म्हणून ॲसिटिक आम्ल कमी. दुसरा भाग संदेशवहनाचा. टॉर, एससीएच९ आणि रास-पीकेए हे मार्ग ‘अन्न आहे, वाढा’ असं सांगतात. ते शांत झाले की रिम१५ आणि एमएसएन२/४ ही ताणाला तोंड देणारी प्रथिनं जागी होतात. मग ट्रेहॅलोज ही संरक्षक साखर साठते, ऑक्सिडीकरणविरोधी एन्झाइम्स वाढतात, पेशी आपलेच जुने भाग पचवून वापरू लागते. या स्वभक्षणाची यंत्रणा योशिनोरी ओसुमी यांनी उपाशी यीस्टमध्येच उलगडली आणि त्यासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

म्हणजे उपास कसा सुरू झाला याला महत्त्व आहे. साखर हळूहळू संपली तर पेशीला तयारीला सवड मिळते. वाढीच्या ऐन भरात अन्न काढून घेतलं तर तीच पेशी कच्ची सापडते.

पेशी एकमेकींना खरंच मदत करतात का?

करतात, आणि या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आमच्या मते हाच आहे. एकट्या पेशीची सहनशक्ती मोजून वसाहत किती टिकेल हे सांगता येत नाही.

उष्णतेचं घ्या. ३९-४० अंशांच्या आसपास विरळ पेरलेलं यीस्ट मरतं आणि दाट पेरलेलं वाढतं. जात तीच, माध्यम तेच. डेल्फ्ट इथल्या लामन ट्रिप आणि यूक यांनी २०२० मध्ये याचं कारण दाखवलं. पेशी बाहेर ग्लुटाथायोन हे ऑक्सिडीकरणापासून जपणारं द्रव्य सोडतात आणि पुरेशा पेशी असतील तर सगळ्यांना पुरेल एवढं ते माध्यमात जमतं. बारीक इनॉक्युलमने (थोड्याच पेशी पेरून) केलेली चाचणी आणि टाकीतला अनुभव जुळत नाहीत, त्याचं हे एक कारण असतं.

घन माध्यमावरची वसाहत तर आतून चक्क विभागलेली असते. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात पाल्कोव्हा यांच्या गटाने दाखवलं की वसाहती अमोनिया वायू सोडून शेजारच्या वसाहतींना इशारा देतात. वय वाढलेल्या वसाहतीत वरच्या थरातल्या पेशी धडधाकट राहतात, तर खालच्या थरातल्या उपाशी राहून झिजतात आणि त्यांच्यातून सुटलेलं पोषण वरच्यांना मिळतं.

आपल्याकडे बेंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेत सुनील लक्ष्मण यांच्या गटाने असंच काम केलं आहे. कमी ग्लुकोजवर वाढलेल्या एकाच वंशाच्या वसाहतीत गडद आणि फिकट असे दोन भाग दिसतात. गडद भागातल्या पेशी ट्रेहॅलोज तयार करतात. ते बाहेर पुरेसं साठलं की काही पेशी चयापचय बदलून त्यावरच जगू लागतात, आणि फिकट भाग तयार होतो.

आयुर्मानाशीही याचा थेट संबंध आहे. पेशी अमिनो आम्लांची देवाणघेवाण करतात आणि अशा वसाहती जास्त जगतात, हे २०२३ मध्ये राल्सर यांच्या गटाने मांडलं. मेथिओनिन बाहेरून घेणाऱ्या पेशी ग्लायसेरॉलसारखी संरक्षक द्रव्यं बाहेर सोडतात आणि त्याचा फायदा शेजारणींनाही होतो. त्यामुळे दर वेळी धुऊन ताज्या माध्यमात टाकलेल्या यीस्टला थोडा वेळ अडखळायला होतं, यात नवल नाही.

सगळ्या पेशी एकाच वंशाच्या, तरी ताणात काहीच का वाचतात?

त्या एकाच अवस्थेत नसतात म्हणून. भरपूर अन्न असतानाही थोड्या पेशी हळू वाढतात, ट्रेहॅलोजशी संबंधित टीएसएल१ जास्त बनवतात आणि अचानक उष्णता आली तर त्याच तरतात (लेव्ही, झिव्ह आणि सीगल, २०१२). वाढ आणि तग यांत इथे सरळ सौदा आहे. स्थिर अवस्थेतल्या, म्हणजे अन्न संपून वाढ थांबलेल्या, कल्चरमध्येही दोन गट असतात. जड, अंकुर नसलेल्या, शांत पेशी आणि हलक्या, लवकर मरणाऱ्या पेशी. पर्कॉलच्या घनता-उतारावर ते वेगळे करता येतात. जड गटात बहुतेक कन्यापेशी असतात.

थोडा ताण आधी दिला तर पुढचा मोठा ताण सोसतो, हे दाखवता येईल का?

एका दुपारी दाखवता येतं. वायपीडी या नेहमीच्या पोषक माध्यमात ३० अंशांना यीस्ट ओडी (गढूळपणावरून मोजलेली दाटी) ०.५ पर्यंत वाढवा. दोन भाग करा. एक ३० अंशांवरच ठेवा, दुसरा ३७ अंशांवर ४५ मिनिटं. मग दोन्हींतून १०० मायक्रोलिटर पातळ पीसीआर ट्यूबमध्ये घेऊन ५० अंशांवर ०, ५, १० आणि २० मिनिटं ठेवा आणि लगेच बर्फात. दहापटीने सौम्य करत जा आणि प्रत्येक पायरीचा ५ मायक्रोलिटरचा थेंब वायपीडी प्लेटवर टाका. दोन दिवसांत फरक डोळ्यांना दिसतो.

प्रयोग फसतो तो ठरावीक ठिकाणी. जाड काचेची नळी ५० अंशांना पोचायला काही मिनिटं घेते आणि तेवढ्यात पेशी सावध होतात. किंवा कल्चर रात्रभराचं असतं. ते आधीच स्थिर अवस्थेत आणि काटक झालेलं, मग दोन्ही नमुने सारखेच वाचतात.

कालवय मोजण्याचा प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्ये कसा करायचा?

एका वसाहतीतून ५ मिली कृत्रिम संपूर्ण माध्यमात रात्रभर कल्चर करा. २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली तेच माध्यम, २ टक्के ग्लुकोज, सुरुवातीची ओडी ०.१. ३० अंश, २०० आरपीएम. तिसऱ्या दिवशीची संख्या १०० टक्के धरा. मग दर दोन दिवसांनी नमुना घ्या, लाखपट सौम्य करून २०० मायक्रोलिटर वायपीडीवर पसरा, किमान दोन प्लेट्स, आणि ४८ ते ७२ तासांनी वसाहती मोजा. प्लेटवर ५० ते २०० वसाहती येतील असं सौम्यीकरण दिवसागणिक कमी करत जा. तीन वेगळ्या वसाहतींपासून तीन फ्लास्क हवेतच. एकाच फ्लास्कचे तीन नमुने म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत.

फ्लास्क एकपंचमांशापेक्षा जास्त भरला तर हवा कमी पडते आणि आलेख बदलतो. बीवाय४७४१ सारख्या प्रयोगशाळेतल्या जातींना हिस्टिडिन, ल्युसिन, मेथिओनिन आणि युरॅसिल बाहेरून लागतं. ते जेमतेम दिलं तर साखर शिल्लक असतानाच वाढ थांबते आणि पेशी लवकर मरतात. मग मोजमाप वयाचं न राहता ल्युसिनच्या टंचाईचं होतं. ही द्रव्यं नेहमीच्या चौपट द्या. पाणी उडतं, म्हणून फ्लास्कचं वजन नोंदवा आणि तूट निर्जंतुक पाण्याने भरा.

बरीच घट झाल्यावर संख्या अचानक वर गेली तर दोन शक्यता. एक, बाहेरचा संसर्ग, मायक्रोस्कोपखाली पाहा. दोन, मेलेल्या पेशींतून सुटलेल्या पोषणावर काही उत्परिवर्तित पेशी पुन्हा वाढू लागल्या आहेत. तिथून पुढचे आकडे आयुर्मान म्हणून वापरू नका.

मिथिलीन ब्लूने मोजलेली जिवंत टक्केवारी किती खरी?

९० टक्क्यांच्या वर असेल तर कामापुरती खरी. ८० च्या खाली ती हमखास फुगलेली असते, कारण निळ्या न झालेल्या कित्येक पेशी पुढे विभाजित होतच नाहीत. २ टक्के सोडियम सायट्रेटमध्ये ०.०१ टक्के मिथिलीन ब्लू, नमुन्याइतकंच मिसळा आणि ५ ते १० मिनिटांत मोजून संपवा. जास्त वेळ ठेवलं तर रंगच पेशी मारतो. गडद निळी ती मेलेली. अंकुर मातेच्या निम्म्याहून मोठा असेल तरच वेगळी पेशी धरा. हिमोसायटोमीटरच्या (पेशी मोजायच्या काचपट्टीच्या) मधल्या २५ चौकोनांतली संख्या, गुणिले सौम्यीकरण, गुणिले १०,००० म्हणजे प्रति मिली पेशी.

ड्राय यीस्ट कोमट पाण्यातच का भिजवायचं?

ऐन वाढीतल्या पेशी वाळवल्या तर लाखोंमध्ये एखादीच वाचते. कारखान्यात म्हणून शेवटच्या टप्प्यात यीस्टला मुद्दाम उपाशी ठेवून ट्रेहॅलोज वाढवून घेतात आणि मग वाळवतात. तरीही वाळलेल्या पेशीचं पटल ताठ झालेलं असतं. थंड पाण्यात ते फटीफटीने उघडं राहतं आणि आतला माल बाहेर झिरपतो. त्यातलं ग्लुटाथायोन ग्लुटेनचे बंध तोडतं, म्हणून कणीक सैल आणि चिकट होते.

ॲक्टिव्ह ड्राय यीस्टला ३८ ते ४३ अंशांचं पाणी द्या, ५ ते १० मिनिटं. बोटाला ऊब लागेल पण चटका बसणार नाही, इतपत. इन्स्टंट यीस्ट पिठातच मिसळा. शंका असेल तर १०० मिली कोमट पाणी, चमचाभर साखर, चमचाभर यीस्ट. दहा मिनिटांत फेस आला नाही तर ते पाकीट टाकून द्या. पिठाच्या १० टक्क्यांहून जास्त साखर असेल तर साधं यीस्ट मंदावतं, कारण बाहेरच्या दाबाशी बरोबरी करायला त्याला आधी आत ग्लायसेरॉल साठवावं लागतं. तिथे गोड कणकेसाठीचं साखर सोसणारं यीस्ट घ्या.

मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीत उन्हाळ्यात यीस्ट का मरतं?

उष्णता आणि अल्कोहोल दोन्ही पटलालाच गळकं करतात. ३२ अंशांना जे अल्कोहोल पेशी सहज सोसते, तेच ३६ ला मारक ठरतं. गळक्या पटलातून प्रोटॉन आत येतात, ते बाहेर फेकण्यात एटीपी (पेशीची ऊर्जा) खर्च होतं आणि किण्वन अर्ध्यात अडतं, साखर शिल्लक राहते. मार्च ते मे फर्मेंटरचं तापमान दर तासाला नोंदवा. प्लेट हीट एक्स्चेंजर घाणीने चोंदला असेल तर यीस्ट बदलून काही साधत नाही.

बहुतेकदा दुर्लक्ष होतं ते हवेकडे. पटल मजबूत ठेवणारं अर्गोस्टेरॉल बनवायला यीस्टला ऑक्सिजन लागतो. फर्मेंटरमध्ये तो नसतो, म्हणून प्रत्येक विभाजनात आधीचा साठा अर्धा अर्धा वाटला जातो. प्रोपॅगेशन टाकीत (जिथे यीस्ट आधी वाढवून घेतात) भरपूर हवा द्या. ती शिदोरी शेवटपर्यंत पुरायची असते. मॅग्नेशियम पेशीला उष्णता आणि अल्कोहोल दोन्हींपासून जपतं. मळीत कॅल्शियम जास्त असतं आणि ते मॅग्नेशियमच्या आड येतं, म्हणून मळी निवळून घेण्याचा फायदा यीस्टलाही होतो.

यीस्ट आम्लाने धुऊन परत वापरलं तर चालतं?

ब्राझीलमध्ये हंगामभर तेच करतात. सेंट्रिफ्यूजने ९० ते ९५ टक्के पेशी परत मिळवतात, सौम्य सल्फ्युरिक आम्लात पीएच २ ते २.५ वर एक ते तीन तास ठेवतात आणि पुन्हा सोडतात. ब्रुअरीत फॉस्फोरिक आम्ल वापरतात: पीएच २.२ च्या आसपास, ४ अंशांच्या खाली, सतत ढवळत, जास्तीत जास्त दोन तास.

यात जीवाणू मरतात, रानटी यीस्ट मरत नाही. ब्राझीलमध्ये हंगामाच्या सुरुवातीला घातलेल्या बेकरीच्या यीस्टला काही आठवड्यांत तिथल्याच रानटी जाती हुसकावून लावतात, आणि पीई-२ सारख्या आजच्या नावाजलेल्या जाती अशाच टिकून राहिलेल्यांतून निवडल्या गेल्या. आधीच थकलेलं, ८ टक्क्यांहून जास्त अल्कोहोलमध्ये बसलेलं यीस्ट मात्र आम्लात घालू नका. ते धुण्यातच मरेल.

यीस्टच्या गुठळ्या होणं चांगलं की वाईट?

बिअर निवळायला चांगलं, साखर शिल्लक असताना झालं तर वाईट. फ्लो१ सारखी प्रथिनं शेजारणीच्या भिंतीवरच्या मॅनोज या साखरेला धरतात, त्यासाठी कॅल्शियम लागतं. गुठळीच्या आतल्या पेशी अल्कोहोलसारख्या ताणात बाहेरच्यांपेक्षा जास्त वाचतात. मोजणीआधी थोडं ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) घालून गुठळ्या सोडवा, नाहीतर वीस पेशींची एकच वसाहत मोजली जाईल.

पेशींच्या अशा एकत्र राहण्याचा कॅन्डिडाच्या (माणसाला त्रास देणाऱ्या एका यीस्टच्या) संसर्गाशी संबंध आहे का?

आहे. कॅथेटरवर कॅन्डिडा थर करून राहते तेव्हा भोवतालचं ग्लुकॅनचं जाळं फ्लुकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाला अडवून धरतं. म्हणून नुसत्या गोळ्यांवर न थांबता डॉक्टर शक्य असेल तर कॅथेटरच काढतात.

चांगली जात वर्षानुवर्षं कशी जपायची?

प्लेटवर ४ अंशांना महिनाभर, स्लँटवर (तिरक्या माध्यमाच्या नळीत) त्याहून थोडी जास्त. खरी साठवण उणे ८० अंशांवर, १५ ते २५ टक्के ग्लायसेरॉलमध्ये. त्यासाठी रात्रभर वाढून स्थिर अवस्थेत पोचलेलं कल्चर घ्या, भर वाढीतलं नको. कुपी कधीच पूर्ण वितळू देऊ नका. निर्जंतुक टोकाने वरचा बर्फ खरवडा आणि लगेच परत ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहातून ओळख पटलेली जात मागवता येते. ती आली की पहिल्याच दिवशी दहा कुप्या करून ठेवा.

कुपीतून काढलेलं यीस्ट कामाला लावण्याआधी ३ टक्के ग्लायसेरॉलच्या प्लेटवर उतरवून पाहा. मायटोकॉन्ड्रियाचं काम गमावलेल्या पेशी ग्लुकोजवर बारीक वसाहती देतात आणि ग्लायसेरॉलवर वाढतच नाहीत. अशा पेशी शेकड्यात एकदोन असणं चालतं. त्याहून जास्त दिसल्या तर ती कुपी बाजूला ठेवून दुसरी काढा.